वाचक विचारतात : सुटकेनंतर बालमैत्रिणीचा शोध

प्रश्न : जन्मठेप भोगून सुटलोय. सातवीपर्यंत वर्गात असलेली एक मुलगी आयुष्यभर मनातून गेली नाही. तिचं लग्न झालं, एवढंच कानावर आलं. तिला कसं शोधू? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी सुटकेचा आदेश काढून नीट वाचा. जन्मठेपेतून सुटका बहुधा शिक्षेत सूट मिळून होते आणि त्या सुटीला अटी असू शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 473 नुसार अट मोडली तर सरकार सूट रद्द करू शकतं. मग वॉरंटशिवाय अटक आणि उरलेली शिक्षा. आदेशात अमुक हद्द सोडायची नाही असं असेल, तर परवानगी घेतल्याशिवाय एसटीत बसू नका.

नुसत्या नावावर शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. लग्नात आडनाव बदलतं, मधे वडिलांऐवजी नवरा येतो आणि कित्येक घरांत तांदळाच्या ताटात नवं नावही लिहिलं जातं. म्हणजे तुम्ही घोकत असलेल्या नावातला एकही शब्द उरलेला नसू शकतो. नावबदल राजपत्रात छापून येतो खरा, पण पुष्कळ बायका त्या वाटेला जातच नाहीत. मतदार यादीत नवऱ्याचं नाव असतं, तेच तुम्हाला ठाऊक नाही. शाळेचं जनरल रजिस्टर तिऱ्हाइताला दाखवत नाहीत, आणि दाखवलं तरी त्यात माहेरचं नाव आणि जन्मतारीख यापलीकडे तुमच्या कामाचं फारसं नाही. माहिती अधिकारात 10 रुपये भरून कुणाचाही पत्ता मिळतो, हा गैरसमज आहे. खासगी माहिती कलम 8(1)(ञ) खाली अडते.

भावाचं आडनाव बदलत नाही, म्हणून बरेच जण माहेर गाठतात. आमच्या मते ही सगळ्यात वाईट वाट. ‘तुरुंगातून सुटलेला माणूस ताईची चौकशी करत होता’ ही बातमी तुमच्या आधी तिच्या सासरी पोचते आणि जाब तिला द्यावा लागतो. फेसबुकवर जुना फोटो टाकून ‘हिला कुणी ओळखतं का’ विचारण्याचंही तसंच. खाली कुणीतरी उत्साहाने तिचा नंबर लिहून मोकळं होतं.

त्यापेक्षा वर्गातली एखादी बाई शोधा. हल्ली शाळाशाळांत माजी विद्यार्थ्यांचे मेळावे होतात, त्यांचे व्हॉट्सॲप गट असतात. मेळावा भरवणाऱ्यांना गावातल्या मुली कुठे दिल्या ते माहीत असतं. या मध्यस्थ बाईंना तुमचा गुन्हा आणि शिक्षा पहिल्याच भेटीत सांगा. त्यांच्याकडे पत्ता किंवा नंबर मागायचा नाही, फक्त निरोप द्यायला सांगायचं. तिने ‘चालेल’ म्हटलं, तरच चिठ्ठी. ती एका पानाची असावी: शाळा, इयत्ता, वर्ष, गुन्हा, शिक्षा आणि सुटकेची तारीख दोन वाक्यांत, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय. ‘आयुष्यभर तुझीच वाट पाहिली’ हे वाक्य गाळा, त्याचं ओझं तिच्यावर पडतं. फोटो नको, पैसे नकोत, साडी तर अजिबात नको. चिठ्ठी हातोहात जाऊ द्या. स्पीड पोस्ट घरातलं कुणीही घेतं आणि पाकीट भलत्याच हाताने फुटतं.

हे सगळं एकदाच करायचं. उत्तर आलं नाही, तर तो नकारच धरा. स्पष्ट नकारानंतरही पुन्हापुन्हा संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे: पहिल्यांदा 3 वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास 5 वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

प्रश्न : भाऊ तुरुंगातून फर्लोवर, म्हणजे कैद्याला मिळणाऱ्या संचित रजेवर, घरी येणार आहे. मुक्काम आमच्याकडेच, पण एका दिवसासाठी ‘तिच्या’ गावी जाईन म्हणतो. जाऊ देऊ का? – एक भगिनी, नाशिक

उत्तर : नको. संचित रजेच्या आदेशात राहण्याचा पत्ता आणि अटी लिहिलेल्या असतात. तिथून परस्पर दुसऱ्या गावी गेल्यास पुढची रजा धोक्यात येते आणि जामीनदारही अडकतो. तुम्हीच जामीन राहिला असाल तर हे त्याला स्पष्ट सांगा.

प्रश्न : ती हयात आहे का, एवढंच कळायचं असेल तर? – एक वाचक, पुणे

उत्तर : जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 17 नुसार कुणीही मृत्यूची नोंद शोधायला सांगून दाखला घेऊ शकतो. त्यात मृत्यूचं कारण मिळत नाही. अर्ज जिथे मृत्यू झाला तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करायचा, आणि सासरचं नाव व अंदाजे वर्ष हवंच. अडचण फिरून तिथेच येते.

प्रश्न : शाळेतल्या एका मुलाची तुरुंगातून पत्रं येतात. तो लवकरच सुटणार आहे. मला संबंध नको. घरी सांगायची भीती वाटते. – एक वाचक

उत्तर : त्या तुरुंगाच्या अधीक्षकांना लेखी कळवा, की या बंद्याचा कोणताही संपर्क मला नको. तिथून जाणारी पत्रं तपासली जातात, त्यामुळे तुमचा अर्ज वाया जात नाही. कलम 78 साठी हाच अर्ज तुमच्या नकाराचा पुरावा ठरतो. पोच घ्या. आलेली पत्रं फाडू नका, तारखेचे शिक्के दिसतील अशी पाकिटंही ठेवा. सुटल्यावर तो दारात आला तर 112. तक्रार कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, हद्दीचं कारण चालत नाही. पहिला गुन्हा जामीनपात्र असल्यामुळे तो लगेच बाहेर येऊ शकतो हे ध्यानात ठेवा, आणि तो सूट मिळून सुटला असेल तर तक्रारीची प्रत तुरुंग अधीक्षकांनाही पाठवा. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. बायकांना ही मदत उत्पन्न न बघता मोफत मिळते.