उकाड्यातली संध्याकाळ आणि फळाफुलांचा सुगंध

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते, वय 36. मे महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे आणि रिसेप्शन संध्याकाळी सात वाजता मोकळ्या लॉनवर आहे. एरवीही शनिवारी आम्ही बाहेर जेवायला जातो. दिरांनी दुबईहून ऊदचा परफ्यूम आणला होता, पण तो लावून लोकलमध्ये बसलं की माझंच डोकं दुखतं. मला फळांचा ताजेपणा आणि फुलांचा गोडवा असलेलं काहीतरी हवं आहे. मॉलमध्ये असा एक परफ्यूम खूप आवडला म्हणून घेतला, पण बाहेर लावल्यावर तो सरबतासारखा चिकट वाटला. माझी निवड चुकली का? आणि अकरा वाजेपर्यंत सुगंध टिकवायचा कसा?

उत्तर : तुमची आवड अगदी बरोबर आहे. चुकली ती वास घेण्याची जागा. दादरच्या एका दुकानात परफ्यूमच्या काउंटरवर मी 22 वर्षं उभी राहिले आणि ‘दुकानात छान होता हो, घरी गेल्यावर बिघडला’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! परफ्यूम बिघडलेला नसतो. दुकानात एसी असतो, आपली त्वचा गार असते आणि बाटलीतला सगळ्यात हलका भाग, म्हणजे लिंबूवर्गीय आणि फळांचा वास, तेवढा नाकाशी येतो. त्यावर आपण भुलतो. बाहेर घाम आणि दमट हवा असली की हाच हलका भाग पंधरा-वीस मिनिटांत उडून जातो. मागे उरतात व्हॅनिला, कॅरमल, रास्पबेरी असले जड, गोड वास, आणि उष्णतेनं ते आणखी फुलतात. सरबत लागलं ते यामुळे.

मला हे स्वतःच्या अंगावर शिकावं लागलं. कोल्हापूरला भाचीच्या लग्नात, एप्रिलमध्ये, मी असाच रास्पबेरी आणि व्हॅनिलाचा परफ्यूम लावून गेले होते. आठ वाजता जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या मावशींनी खुर्ची हळूच लांब सरकवली. त्या काहीच बोलल्या नाहीत, पण मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी विचारायचे, ‘लावून कुठे जायचंय, आणि किती वाजता?’

फळ आणि फूल यांची जोडी काही परदेशातून आलेली कल्पना नाही. माझ्या माहेरी रत्नागिरीला विहिरीमागे हिरव्या चाफ्याचा वेल होता. फूल हिरवं असतं तोवर पानांत दिसतही नाही आणि वासही येत नाही. ते पिवळं पडायला लागलं की पिकल्या फळाचा असा काही घमघमाट सुटतो की आम्ही मुलं नाकानंच फूल शोधायचो. कवठी चाफ्याचं तर नावच कवठावरून पडलं आहे. मोगरा नीट हुंगा, त्यातही एक कोवळा, पेअरसारखा गोडवा सापडेल. जाई-मोगऱ्याच्या कुळातल्या फुलांमध्ये बेन्झिल अ‍ॅसिटेट नावाचं द्रव्य असतं, त्याला फुलाचा आणि फळाचा वास एकत्रच येतो.

एक गोष्ट बऱ्याच जणींना ठाऊक नसते. पीच, सफरचंद, पेअर यांचं अत्तर निघत नाही. संत्रं, लिंबू, बर्गमॉट यांच्या सालीतून तेल मिळतं, पण रसाळ फळं कितीही उकळली तरी त्यांचा ताजा वास हाती लागत नाही. तो प्रयोगशाळेत घडवावा लागतो. गर्लेन या फ्रेंच कंपनीच्या 1919 सालच्या ‘मित्सुको’ परफ्यूममध्ये जो प्रसिद्ध पीच आहे, तो गॅमा-अनडेकॅलॅक्टोन या एकाच रसायनाचा. म्हणून ‘यात खऱ्या स्ट्रॉबेरीचा अर्क आहे’ असं कुणी विक्रेता म्हणाला तर त्या बोलण्याला किंमत देऊ नका. रासायनिक आहे म्हणून घाबरूही नका. असल्या रसाळ फळांचा वास हवा असेल तर दुसरा मार्ग नाही.

आता काय घ्यायचं ते सांगते. उकाड्यासाठी माझा नियम असा आहे : फळ आंबट किंवा पाणीदार हवं, फूल ठळक हवं आणि तळाशी साखर नको. आंबट म्हणजे कैरी, ग्रेपफ्रूट, डाळिंब. पाणीदार म्हणजे पेअर, टरबूज. लाल बेरी, आंब्याचा पक्व गोडवा, नारळ, कॅरमल हे सगळं डिसेंबरसाठी ठेवा.

या नियमात बसणारे तीन परफ्यूम नावानिशी सांगते. दियोरचं ‘जादोर’ 1999 साली आलं, ते कॅलिस बेकर या परफ्यूमरचं काम. सुरुवातीला पेअर आणि खरबूज, मग जाई, गुलाब आणि इलांग-इलांगची पिवळी फुलं. फळ फुलात कधी विरघळलं ते कळतसुद्धा नाही. रिसेप्शनला पैठणी नेसणार असाल तर माझी पसंती यालाच. व्हर्साचेचं ‘ब्राइट क्रिस्टल’ (2006) जास्त हलकं आहे, डाळिंब आणि पिओनीच्या फुलाचं. शनिवारच्या जेवणाला, कॉटनच्या कुर्त्यावर ते शोभेल. तिसरं माझं सगळ्यात लाडकं, एर्मेसचं ‘अँ जार्दां स्यूर ल निल’. परफ्यूमर जाँ-क्लोद एलेना यांना इजिप्तमधल्या आस्वानमध्ये, नाईलच्या काठी झाडावरच्या हिरव्या आंब्यांनी याची कल्पना दिली आणि 2005 मध्ये ते बाजारात आलं. पहिल्यांदा हुंगलं तेव्हा मला आजोळच्या अंगणात कैरीचं देठ मोडताना येणारा वास आठवला, चिकाचा, थोडा तुरट. कमळासारखं एक हिरवं फूल मागाहून येतं. गोडाचा कंटाळा आलेल्या प्रत्येकीनं हे एकदा तरी हातावर घेऊन बघावं.

बघावं म्हणजे कसं, ते मात्र नीट ऐका. कागदी पट्टीवर ठरवू नका. संध्याकाळी पाच-सहाला दुकानात जा, एकाच मनगटावर एकच परफ्यूम लावा आणि पैसे न देता बाहेर पडा. तासभर रस्त्यानं चाला, भाजी घ्या, घरी जा. दीड तासानं जो वास उरतो, तो तुमच्यासोबत रात्रभर राहणार आहे. तो आवडला तर दुसऱ्या दिवशी बाटली घ्या. एका दिवसात तीनपेक्षा जास्त वास घेऊ नका. नाक थकलं तर कॉफीच्या बिया हुंगायची गरज नाही, स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या.

टिकण्याबद्दल. अकरापर्यंत फळ टिकणार नाही. नऊच्या बरंच आधी ते गेलेलं असेल आणि फूल उरलेलं असेल. ‘ओ द परफ्युम’ हा जास्त सुगंधी तेलाचा प्रकार घेतलात तर फूल शेवटपर्यंत साथ देईल. ‘ओ द तॉयलेत’मध्ये सुगंधी तेलाचं प्रमाण कमी असतं, ते तीन-चार तासांचं सोबती. अंघोळीनंतर बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, कारण कोरड्या त्वचेवरून सुगंध लवकर उडतो. घराबाहेर पडण्याआधी वीस मिनिटं मानेच्या मागे एक फवारा आणि कोपरांच्या आत एक-एक. चौथा परकराच्या काठाला मारा. चालताना सुगंध खालून हळूहळू वर येतो. पदरावर आणि जरीवर अजिबात नको, डाग पडतो. तन्मणी, नथ, मोत्यांच्या कुड्या परफ्यूम पूर्ण वाळल्यावरच घाला, अल्कोहोलनं मोत्यांची झळाळी जाते. पर्समध्ये 5 मिलीची छोटी कुपी ठेवा. मात्र स्वतःला वास येईनासा झाला म्हणून पुन्हा मारू नका. आपलं नाक आपल्या वासाला सरावतं, शेजारच्यांचं सरावलेलं नसतं. कुणाला तरी विचारा आणि मगच ठरवा.

आणि गजरा माळणार असाल, तर जाई-मोगऱ्याशी जुळणारंच काही लावा. खऱ्या मोगऱ्यासमोर दुसरं भारी फूल उभं केलं की दोन्ही वास मार खातात. मी तुमच्या जागी असते तर गजरा आणि मनगटाला फक्त एक फवारा, इतकंच.

प्रश्न : आठवडी बाजारात मोगऱ्याचं अत्तर 150 रुपयांत मिळालं. वास छान आहे. ते अस्सल असेल का? (सांगली)

उत्तर : अस्सल नसेल. कन्नौजला आजही तांब्याच्या डेगेत फुलं उकळून त्यांची वाफ भपक्यातल्या, म्हणजे वाफ गोळा करणाऱ्या भांड्यातल्या, चंदनाच्या तेलात उतरवतात. चंदनाचं तेल किलोला लाखाच्या वर जातं, तेव्हा 150 रुपयांत ते येणं शक्य नाही. तुमच्या कुपीत बहुधा घडवलेला मोगरा आणि साधं तेल आहे. वास आवडतोय आणि त्वचेला खाज येत नाही, तर खुशाल लावा. आधी कोपराच्या आत एक थेंब लावून एक दिवस वाट बघा, एवढं मात्र करा.

प्रश्न : मुलीनं दिलेला महागाचा परफ्यूम वर्षभरात पिवळा पडला. टाकून देऊ का? बाटली ड्रेसिंग टेबलावर, खिडकीशेजारी असते. (नागपूर)

उत्तर : थांबा, टाकू नका. व्हॅनिला किंवा जाईच्या वासाचे घटक काळाबरोबर गडद होतातच, नुसत्या रंगावरून काही ठरत नाही. मनगटावर लावा आणि पहिली पाच मिनिटं लक्ष द्या. सुरुवातीला आंबूस किंवा रॉकेलसारखा उग्र वास येत असेल तर ऊन लागून फळाचा भाग खराब झाला आहे. तो भाग उडाल्यावर खालचं फूल चांगलं असेल तर उशीच्या अभ्र्यांच्या कप्प्यात एक उघडी कुपी ठेवून तो वापरता येईल. नागपूरच्या मे महिन्यात खिडकीशेजारची जागा परफ्यूमसाठी वाईटच. पुढची बाटली तिच्याच खोक्यात घालून लोखंडी नव्हे तर लाकडी कपाटात, खालच्या खणात ठेवा. बाथरूममध्ये नको आणि गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको.