वासोटा एका दिवसात: किल्ल्यापेक्षा जंगलाला वेळ द्या

मिरजेहून सत्तरीचे आईवडील आणि दहा वर्षांची मुलगी यांना घेऊन एका दिवसात वासोटा किल्ला होईल का, आणि कोयना अभयारण्यात प्राणी दिसतील का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की मुलीला अवश्य न्यावे, आईवडिलांना मात्र बामणोलीतच, म्हणजे किल्ल्याकडे जाणारी बोट जिथून सुटते त्या गावातच थांबवावे. बोटीचा प्रवास त्यांना झेपेल, परंतु पलीकडच्या काठावर चार-पाच तास नुसते ताटकळत बसणे त्यांना चढाईहून अधिक त्रासाचे होईल.

मिरजेहून पहाटे निघण्यापेक्षा आदल्या रात्री बामणोलीत मुक्काम करावा. ओळखपत्रांच्या प्रती जवळ ठेवाव्यात, वनखात्याची परवानगी घ्यावी आणि सकाळची पहिली बोट धरावी. भाडे संपूर्ण बोटीचे असते, त्यामुळे दुसऱ्या गटाबरोबर जुळवून घेतल्यास खर्च बराच कमी होतो. तपासणी नाक्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि पिशव्या मोजून अनामत घेतली जाते. म्हणून शिदोरी डब्यातच न्यावी. अभयारण्यात मुक्कामाला परवानगी नाही आणि संध्याकाळपूर्वी बोट परतलीच पाहिजे, हे लक्षात ठेवून दिवसाची आखणी करावी.

महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना दक्षिणेकडे वाहत येते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. बोट जिथून जाते तो कोयना धरणाचा शिवसागर जलाशय लांबट आणि अरुंद का, हे या डोंगरांमधल्या खोऱ्यातून बोट जाऊ लागली की आपोआप कळते. १९८५ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य पुढे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश झाला. तरीही वाघाची आशा धरून जाऊ नये. गवा आणि अस्वल येथे आहेत, पण माणसांच्या गलक्यात ते कशाला वाटेवर येतील!

खरी मौज आहे ती बोट जिथे उतरवते त्या मेट इंदवलीच्या काठापासून नागेश्वर या गुहेतल्या शिवमंदिराच्या फाट्यापर्यंतच्या दाट झाडीत, आणि बहुतेक जण नेमका हाच टप्पा मान खाली घालून उरकतात. येथे हिरडा, जांभूळ आणि अंजनी ही झाडे ओळखता येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर अंजनीच्या फांद्यांना पानांच्या खाली, थेट सालीला चिकटून आलेले निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ मुलीला जवळून दाखवा. उंच झाडाच्या शेंड्याकडे, बारीक फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला, तर ते शेकरूचे, म्हणजे झाडावर राहणाऱ्या मोठ्या खारीचे घरटे असण्याचा संभव आहे. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतो, त्यामुळे रिकाम्या घरट्याखाली थांबूनही तो आसपासच्या झाडांवर दिसू शकतो; मात्र पाच-दहा मिनिटे न बोलता उभे राहण्याची तयारी हवी.

फाट्यावरून डावीकडे नागेश्वर आणि उजवीकडे किल्ला. दोन्ही एकाच दिवशी करण्याचा हट्ट मुलीसोबत तरी धरू नये. वर बाबूकडा हा खोल तुटलेला कडा पाहावा आणि त्यापलीकडचा जुना वासोटा हा डोंगर. १८१८ मध्ये इंग्रजांनी तेथूनच तोफांचा मारा करून किल्ला घेतला.

पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. चालण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, फक्त शनिवार-रविवार टाळावेत.