जुन्या वाङ्मयीन मासिकाच्या प्रकाशकाच्या कागदपत्रांतले काय जपावे आणि ते कोणत्या संस्थेला द्यावे?

तुमच्या सासऱ्यांनी साठच्या दशकात चालवलेल्या मासिकाचे कागद ट्रंकांत पडून आहेत, त्यांतली ‘नामवंतांची पत्रे’ निवडून ग्रंथालयाला द्यावीत आणि बाकीचे काढून टाकावे असे घरात घाटते आहे, हे वाचून राहवले नाही. निवडू नका. जे आहे ते सगळे, आहे त्या क्रमाने द्या.

‘सत्यकथा’ या प्रस्थापित वाङ्मयीन मासिकावर रुसलेल्या मंडळींनी ठिकठिकाणी अनियतकालिके, म्हणजे जमेल तेव्हा निघणारी छोटी नियतकालिके, काढली, त्या लाटेत माझे मामाही एक काढत असत. ते गेल्यावर मराठीचे एक नामांकित अभ्यासक कागद पाहायला घरी आले. मामींचा चहा होईपर्यंत त्यांनी तीन कवींची पत्रे बाजूला काढली होती आणि उरलेल्या ढिगाला ‘हिशेबी कचरा’ म्हणून रद्दीचा रस्ता दाखवला होता. मी भांडलो म्हणून तो कचरा राहिला. त्यात वर्गणीदारांची लांबट वही होती, ज्यांची व्ही.पी. (पैसे भरून पोस्टमनकडून सोडवून घ्यायचे टपाल) परत आली त्यांच्या नावांवर मामांनी तांबड्या शाईने फुल्या मारल्या होत्या, आणि एका फुलीशेजारी बारीक अक्षरात लिहिले होते, ‘बदली झाली आहे, अंक पाठवत राहणे’. छापखान्याच्या एका बिलाच्या पाठीवर एका दीर्घकवितेच्या ओळी मोजून तिला किती पाने लागतील याची आकडेमोड होती, आणि खाली शेरा होता की कागद पुरत नाही, उरलेली पुढच्या अंकात. त्याच अभ्यासकांनी आपल्या ग्रंथात या दोन तुकड्यांना ‘खंडित जाणिवेचा रचनाप्रयोग’ म्हटले आहे. खंडित झाला होता तो कागदाचा पुरवठा!

हे आमच्या घरगुती अनियतकालिकापुरतेच खरे आहे असे नाही. अमेरिकेतले ‘द डायल’ हे वाङ्मयीन मासिक १९१९ च्या अखेरीस स्कोफील्ड थेअर आणि जेम्स सिब्ली वॉटसन यांच्या हाती आले आणि १९२९ मध्ये बंद पडले. त्या मासिकाची व थेअर यांची कागदपत्रे येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहेत. टी. एस. एलियट या कवीची ‘द वेस्ट लँड’ ही गाजलेली दीर्घकविता या मासिकात नोव्हेंबर १९२२ मध्ये आली, एवढे कोणीही सांगेल. परंतु थेअर यांनी तिच्यासाठी १५० डॉलर देऊ केले होते, उत्तरादाखल त्यांच्या हाती पडलेल्या तारेत आकडा होता ८५६ पौंडांचा, आणि अखेर मोबदला १५० डॉलरच ठेवून जोडीला मासिकाचे २,००० डॉलरचे वार्षिक पारितोषिक एलियटना देण्याचे ठरले, हे आज कळते ते व्यवहाराची पत्रे आणि तारा कोणी फेकल्या नाहीत म्हणून. नवतेचा इतिहास लिहिणाऱ्यांना पैशाचा उल्लेख हलका वाटतो. मला तो लपवणे हलके वाटते.

संस्था कोणती, याला माझ्याकडे एकच कसोटी आहे. जी संस्था कागद नेण्याआधी यादी करून सही-शिक्क्याची पोच देते आणि संग्रह फोडणार नाही असे लिहून देते, तिला द्या. नाव मोठे असून पोच देत नसेल तर देऊ नका. आमची ती तीन कवींची पत्रे ‘झेरॉक्स काढून परत करतो’ या शब्दावर गेली, ती अजून आलेली नाहीत. प्रकाशकाने स्वतः पाठवलेल्या पत्रांच्या कार्बन प्रती असतील तर त्या विशेष जपा, कारण समोरच्याने ती पत्रे ठेवली असतीलच असे नाही.

अर्थात ‘सगळे द्या’ म्हणताना ओले किंवा वाळवी लागलेले कागद इतरांपासून वेगळे ठेवावे लागतात, गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्या लागतात, आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावण्याचा मोह आवरावा लागतो. सासऱ्यांची निव्वळ घरगुती पत्रे काही वर्षे बंद ठेवण्याची अट घालता येते, ती लेखी घाला. शिवाय पत्राचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा असतो, म्हणून ही पत्रे कोणाला छापायची असल्यास ती परवानगी तुम्हाला देता येणार नाही.