पाहुण्याचा रुपया गावात किती उरतो?

आदरणीय पालक,
सप्रेम नमस्कार.

जावळी तालुक्यातून लिहिलेले आपले पत्र मिळाले. आपली मुलगी बारावीत कला शाखेत शिकते. गेल्या वर्षी कासच्या फुलांच्या हंगामात तिने मावशीला पाहुण्यांच्या जेवणाच्या कामात मदत केली आणि आता तिला स्थानिक लोकांना सोबत घेऊन चालणाऱ्या सहल कंपनीत काम करायचे आहे. हे काम चार महिन्यांचे आहे आणि ‘जबाबदार पर्यटन’ हा केवळ जाहिरातीतला शब्द आहे, अशा आपल्या दोन शंका आहेत.

दुसरी शंका मला अधिक महत्त्वाची वाटते. काही वर्षांपूर्वी बामणोलीकडच्या एका घरी मी थांबलो होतो. एका कंपनीने चाळीस जणांचे जेवण सांगितले होते. पीठ मळून झाले, परातीत भाकऱ्यांची चळत लागली, आणि संध्याकाळी सात वाजता फोन आला की बावीसच माणसे येत आहेत. उरलेल्या अठरा ताटांचे पैसे कोणी दिले नाहीत. त्याच कंपनीच्या माहितीपत्रकावर मात्र त्या घरच्या स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा चुलीपुढे बसलेला फोटो होता. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, कंपनी जबाबदार आहे की नाही हे तिच्या देण्याघेण्याच्या वहीवरून ठरते: आगाऊ रक्कम किती, सहल रद्द झाल्यास भरपाई कोणाला, वाटाड्याचा आणि स्वयंपाकीणबाईंचा दर कोणी ठरवला, पैसे किती दिवसांत मिळाले.

हे नीट करता येते, याची उदाहरणे आहेत. केरळमधील कुमरकोम येथे २००८ पासून हॉटेलांना लागणारा भाजीपाला ‘कुडुंबश्री’ या केरळ सरकारच्या योजनेतील महिला बचत गटांकडून घेण्याची व्यवस्था बसवण्यात आली. पेरू देशात इंका वाटेवर सामान वाहणाऱ्या हमालांसाठी २००१ साली कायदा झाला आणि पाठीवरच्या ओझ्याला वीस किलोंची मर्यादा आली; हिमालयात सहली नेणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्यांनाही हमालाच्या पाठीवर किती ओझे देता, हा प्रश्न विचारायला हवा. आपल्या दाराशी असलेले कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटासह जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेथे वन विभागासोबत आसपासच्या गावांची संयुक्त समिती प्रवेश शुल्क घेते, येणाऱ्यांच्या संख्येला मर्यादा घालते आणि गावातल्याच मुलामुलींना हंगामात काम देते.

हंगामाबद्दलची आपली काळजी खरी आहे, ती मी नाकारत नाही. परंतु ही चार महिन्यांची अडचण मुख्यतः केवळ वाटाड्याचे काम करणाऱ्याला येते. सहलींची आखणी करणाऱ्या, दर काढणाऱ्या आणि गावकऱ्यांशी करार करणाऱ्या माणसाला पावसाळ्यात कास, हिवाळ्यात वासोटा किल्ला, उन्हाळ्यात महाबळेश्वर-पाचगणी आणि भिलारचे पुस्तकांचे गाव असे वर्षभर काम मिळू शकते. त्यामुळे तिने पर्यटनाच्या शिक्षणासोबत हिशेब आणि खर्चाचा अंदाज काढणे हे मनापासून शिकावे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील ग्वाल्हेरच्या संस्थेत पर्यटन विषयातील बीबीए करता येते आणि त्यासाठी कला शाखा आड येत नाही. घराबाहेर पाठवणे जमणार नसेल, तर साताऱ्यातच पदवी घेत मुक्त विद्यापीठाचा पर्यटन अभ्यासक्रम करणे हा कमी खर्चाचा आणि माझ्या मते तितकाच चांगला मार्ग आहे. डोंगरभटकंतीच्या सहलींकडे तिचा ओढा असेल, तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्राथमिक अभ्यासक्रम अवश्य करावा, कारण उद्या वीस जणांच्या जिवाची जबाबदारी तिच्यावर असेल.

अर्ज भरण्यापूर्वी एक काम करावे. मावशीकडे गेल्या हंगामात जेवलेल्या पाहुण्यांचा हिशेब तिने एका वहीत उतरवून काढावा: प्रत्येक ताटामागे पाहुण्याने कंपनीला किती दिले, त्यातले मावशीच्या हाती किती आले आणि किती दिवसांनी आले. ती वही घेऊन आपण दोघे माझ्याकडे यावे. कोणता अभ्यासक्रम निवडायचा, ते आपण ती समोर ठेवूनच ठरवू.

आपला,
करिअर मार्गदर्शक, सातारा