ॲल्युमिनियम बॉडीवर फोड आलेत म्हणून ट्रक विकू नका

तुमचा फोटो मोठा करून पाहिला. 2017चा फोर्डचा एफ-150 पिकअप ट्रक, मागच्या चाकाच्या कमानीवरचा डेंट काढून दीड वर्ष झालंय आणि आता नेमका तिथेच रंग फुगलाय. शॉपवाले रस्त्यावरच्या मिठाकडे बोट दाखवतात, विमा कंपनी म्हणते क्लेम बंद झाला, आणि तुम्ही विचारताय की ही विकून स्टीलची घ्यावी का. माझ्या 2016च्या गाडीवर अगदी त्याच जागी हेच होऊन गेलंय, म्हणून जरा लांबण लावतो. मी बॉडी शॉपचा माणूस नाही आणि वकीलही नाही. मिशिगनमध्ये राहतो, तेव्हा इथल्या अनुभवावर लिहितोय. तुमच्या राज्याचे नियम तुम्ही बघून घ्या.

विकू नका. दोष धातूचा नाही. फोर्डने 2015च्या मॉडेलपासून केबिन आणि हौदा ॲल्युमिनियमचा केला, खालची फ्रेम मात्र स्टीलचीच ठेवली. त्यातून वजन 700 पौंडांपर्यंत घटलं. 2017 पासून फोर्डची सुपर ड्यूटी ही जड कामाची पिकअपही त्याच वाटेने गेली. आणि पळून जाणार कुठे? 2019 पासूनच्या शेव्हरोलेच्या सिल्व्हराडो पिकअपचा हौदा स्टीलचा असला तरी बॉनेट, दारं आणि मागचा फाळका ॲल्युमिनियमचाच आहे. उद्या दाराला डेंट पडला की पुन्हा हाच प्रश्न उभा राहणार.

आता फोडांबद्दल. माझी गाडी शेवटी ॲल्युमिनियमचं काम जाणणाऱ्या शॉपमध्ये नेली, तेव्हा तिथल्या कारागिराने प्लॅस्टिकच्या पट्टीने फोडाची कड हलकेच उचलली. रंगाचा पापुद्रा सुटून आला. खाली तांबडा गंज नव्हता, पांढरी भुकटी होती, आणि फोडापासून निघून रंगाखालून वळत गेलेल्या दोऱ्यासारख्या बारीक रेघा. मधूनमधून काळपट ठिपके. ते लोखंडाचे कण. आधीच्या शॉपने स्टीलच्या गाड्यांवर वापरलेली सँडिंगची डिस्क आणि ब्रश तसेच माझ्या पत्र्यावर फिरवले होते. ॲल्युमिनियम मऊ, त्यात ते कण रुतून बसले आणि वरून रंग मारला गेला. मग मिठाचं पाणी कुठूनतरी आत शिरलं की दोन धातूंची छोटी बॅटरीच तयार होते आणि तीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणजे मीठ त्यात आहेच, पण मीठ चारही चाकांवर सारखंच उडतं. माझ्या दुसऱ्या बाजूच्या, डाव्या कमानीवर एकही फोड नव्हता. हा मुद्दा तुम्हीही लावून धरा. दोन्ही बाजूंचे फोटो एकाच दिवशी, एकाच उजेडात काढा.

म्हणूनच अशा कामाला अवजारं वेगळी लागतात, जागाही पडदे लावून वेगळी केलेली लागते. त्याला दुसरंही कारण आहे: ॲल्युमिनियमची बारीक धूळ स्फोटक असते, स्टील घासताना उडणाऱ्या ठिणग्यांजवळ ती नकोच. तापवताना हा धातू लालही होत नाही, सुमारे 660 अंश सेल्सिअसला सरळ वितळतो, त्यामुळे तापमान मोजत काम करावं लागतं. हे सगळं करायला शिकलेला माणूस आणि वेगळं सामान लागतं, म्हणून दर जास्त. अमेरिकेतल्या आयआयएचएस या गाड्या धडकवून चाचण्या घेणाऱ्या संस्थेने 2015 मध्ये जुना स्टीलचा आणि नवा ॲल्युमिनियमचा एफ-150 ताशी 10 मैलांनी धडकवून पाहिले, तेव्हा नव्याची दुरुस्ती सरासरी 26 टक्के महाग पडली होती.

आणि नेमका हाच फरक माझ्या विमा कंपनीला द्यायचा नव्हता. नाव घेत नाही. एस्टिमेटमध्ये मजुरीचा दर स्टीलचा लावला, "आमच्या यादीतल्या शॉपमध्ये न्या, लवकर होईल" असं सांगितलं. काम बिघडल्यावर त्यांचं क्लेमचं ऑफिस मला शॉपकडे पाठवायचं आणि शॉप परत ऑफिसकडे. दर वेळी फोनवर नवा माणूस, दर वेळी गोष्ट पहिल्यापासून. एक अख्खा हिवाळा यात गेला आणि तेवढ्यात फोड कमानीवरून खालच्या कडेपर्यंत पसरले. याचा राग मला आजही येतो, कारण त्या काळात एकानेही सांगितलं नाही की यादीतल्या शॉपने केलेल्या कामाची लेखी हमी कंपनीच देते! ती हमी माझ्याच कागदांत होती, एस्टिमेटच्या शेवटच्या पानावर.

तेव्हा क्लेम पुन्हा उघडा म्हणून भांडू नका, त्यात वेळ जातो. तुमचं शॉप यादीतलं होतं का ते बघा. असेल तर हमीचा कागद काढा आणि तिच्याखाली सदोष दुरुस्तीची तक्रार लेखी करा, फोनवर नको. सोबत दुसऱ्या, ॲल्युमिनियमचं प्रशिक्षण घेतलेल्या शॉपचा लेखी अहवाल जोडा. तो फुकट मिळत नाही, पण माझ्या बाबतीत फाइल हलली ती त्या अहवालानेच. तरीही दाद दिली नाही तर राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार करा. आणि या वेळी शॉप तुम्ही निवडा. बहुतेक राज्यांत तो हक्क गाडीमालकाचा असतो. गाडी देण्याआधी ॲल्युमिनियमची वेगळी जागा डोळ्यांनी बघून या. "आमच्याकडे सगळं होतं" हे उत्तर मिळालं तर दुसरीकडे जा.

हौद्यात स्टीलचा रॅक किंवा पेटी बसवली असेल तर खाली रबर आहे का तेही तपासा. उघडं स्टील ॲल्युमिनियमवर आवळून बसवलं की तिथेही हाच खेळ सुरू होतो. फोडांवर स्वतः पुट्टी किंवा टचअप मारू नका, पुरावा झाकला जाईल.

हमीचा कागद सापडला की त्यातला मजकूर इथे टाका, नाव-नंबर झाकून. मी पाठवलेल्या पत्राचा मसुदा अजून ठेवलाय; हवा असेल तर निरोप करा.