आजोबांचं ते काम आई करते

प्रश्न : मी वीस वर्षांचा आहे. मला नर्सिंगला जायचंय, पण बाबा म्हणतात हे मुलींचं क्षेत्र, मित्र हसतात. मला सेवेची मनापासून आवड आहे. आजोबा दोन वर्षांपासून पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेत. त्यांची औषधं, बीपी, शुगर, व्यायाम सगळं मीच बघतो (डायपर वगैरे आई बदलते). फॉर्म भरायला महिना उरलाय. लोकांकडे दुर्लक्ष करून पुढे जाऊ का?

उत्तर : बाबा आणि मित्र आज बाजूला राहू देत. पुरुष आहे म्हणून सरकारी नर्सिंग कॉलेजात प्रवेश नाकारता येणार नाही, असा निकाल मिसिसिपीतल्या एका तरुणाच्या बाजूने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच दिलाय. मी थांबले ती तुझ्या कंसापाशी.

अरे, नर्सिंगचं शिक्षण तिथूनच सुरू होतं. अंग पुसणं, बेडपॅन देणं, रुग्णाला न उठवता चादर बदलणं. बीपी मोजताना माणसापासून हातभर लांब राहता येतं, इथे नाही. आणि डायपर बदलतानाच माकडहाडावरची कातडी दिसते. तिथला लाल चट्टा बोटाने दाबून फिका पडत नसेल, तर बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, सुरू झालाय असं समजायचं. सावळ्या कातडीवर लाली चटकन कळत नाही, म्हणून जागा गरम किंवा कडक लागते का, हे हाताने बघावं लागतं. तुझ्या आईने हे दोन वर्षं सांभाळलंय. मग घरातली नर्स कोण?

सुनेकडून हे करून घेताना आजोबा कुठे बघतात, कधी पाहिलंस? लघवीची नळी घालताना किंवा अंग पुसताना पुरुष नर्स असला, तर कितीतरी पुरुष रुग्णांचा संकोच कमी होतो. मित्रांना उत्तर द्यायचंच असेल तर हे दे.

उद्या सकाळी आईला सांग, आजपासून हे मी करणार. पहिल्या दिवशी तिच्याकडून शिकून घे. हात धू, हातमोजे घाल, दार लोटून घे. हात लावण्याआधी आजोबांना सांग, ‘आता कुशीवर वळवतोय.’ लागेल तेवढंच अंग उघडं कर. पुढून मागे पूस, नीट कोरडं कर, टाचाही तपास. उमळून येईल, पहिल्यांदा बहुतेकांना येतं. चेहऱ्यावर मात्र दिसू देऊ नकोस, कारण ते तुझ्या चेहऱ्याकडेच बघत असतील. दर दोन तासांनी कूस बदलायची असते, रात्रीसुद्धा. ते उठणंही आता तुझं.

महिनाभर हे कर आणि फॉर्म भर. पुन्हा लिहिशील तेव्हा बाबा काय म्हणाले ते नको, आजोबांच्या पाठीची कातडी कशी आहे ते कळव.