‘वाटतं’ आणि ‘पाहतो’ यांच्यामधली फट

चिरंजीव,
सप्रेम आशीर्वाद.

‘कोनेशन’ (conation), म्हणजे मनाची ओढ आणि धडपड, मराठीत कशी बोलली जाते आणि प्रश्नावलीने कशी मोजायची, हा तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. विषय चांगला आहे, पण पहिल्याच पानावर ‘कोनेशन’ला ‘क्रियात्मक’ म्हणून मोकळं होऊ नकोस. बी.एड.च्या पुस्तकांत ‘ज्ञानात्मक, भावात्मक, क्रियात्मक’ अशी त्रयी येते, तेव्हा तिसरं बहुतेकदा हातापायांचं कौशल्य असतं: टंकलेखन, पोहणं, द्रावण मोजून ओतणं. कोनेशन हे नव्हे. लॅटिनमधल्या ‘प्रयत्न करणे’ या क्रियापदावरून आलेला हा शब्द मनाच्या ओढीचा आणि धडपडीचा आहे. तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या 1677 सालच्या ‘एथिक्स’ या ग्रंथामधला ‘कोनाटस’ याच मुळाचा; पण तिथे प्रत्येक वस्तूची टिकून राहण्याची धडपड अभिप्रेत आहे, त्याला प्रश्नावलीत ओढू नकोस. ‘इच्छा-प्रयत्न’ असा जोडशब्द घे आणि जोडरेघेच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोज.

वेगळ्या का? न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रात (1.1.10), आत्म्याची लक्षणं सांगताना इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख, ज्ञान अशी यादी आहे. इच्छा आणि प्रयत्न स्वतंत्र. नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचा, क्रमही ठरलेला: आधी ज्ञान, मग इच्छा, मग प्रयत्न, शेवटी शरीराची हालचाल.

आपल्या रोजच्या मराठीतही हे दिसतं. ‘मला जावंसं वाटतं’ यात मी ‘मला’ असतो. इच्छा माझ्याकडे येते, मी ती करत नाही. ‘मी जायचं ठरवलं’, ‘मी दार उघडू पाहिलं’ यांत मी कर्ता होतो. आज्ञार्थ लावून बघ. ‘ठरव’, ‘जाऊन पाहा’ चालतं; ‘तुला जावंसं वाट’ असं कोणी म्हणत नाही. फार तर ‘वाटू दे’, आणि त्यातही हुकूम कमी, हताशाच जास्त. ही कसोटी तुझ्या प्रत्येक उदाहरणाला लाव.

आता ‘पाहणे’. ‘उघडू पाहिलं’ आणि ‘उघडून पाहिलं’ एकाच रकान्यात टाकले आहेस, तिथेच घोटाळा झालाय. ‘दार उघडू पाहिलं’ यात धडपड आहे, दार उघडलं की नाही ते कळत नाही. ‘-ऊन पाहणे’मध्ये मूळ क्रिया घडलेली असते, अनिश्चित असतं ते तिचं फळ. ‘दार ढकलून पाहिलं, उघडलं नाही’: ढकलणं झालं, उघडणं राहिलं. ‘दार ढकलू पाहिलं’ म्हटलं तर ढकलणंच साधलं की नाही याची शंका. बोलताना आपण ‘उघडू पाहिलं’च्या जागी सर्रास ‘उघडायला बघितलं’ म्हणतो. नमुन्यांत तेही घे, नाहीतर सगळी उदाहरणं छापील निघतील. आणि ‘भिंत पडू पाहतेय’ बाजूला काढ. भिंतीला इच्छा नाही. तिथे हेच रूप ‘आता होईलच’ एवढंच सांगतं.

संस्कृतचा भाग छोटा ठेव, पण पाणिनीच्या व्याकरणातलं सूत्र 3.1.7 सोडू नकोस. इच्छा करणारा आणि क्रिया करणारा एकच असेल तेव्हा इच्छार्थी ‘सन्’ प्रत्यय लागतो. जिज्ञासा, पिपासा, मुमुक्षू हे त्यातूनच आले. मराठीत याचा पडसाद बघ: स्वतःसाठी ‘मला जावंसं वाटतं’ असं सांधलेलं रूप, दुसऱ्यासाठी सहसा ‘त्याने जावं असं मला वाटतं’ असं सुटं. मात्र ‘चिकित्सा’, ‘जुगुप्सा’ इच्छार्थाच्या यादीत घालू नकोस. प्रत्यय तोच, पण ते 3.1.5 खाली येतात आणि तिथे इच्छेचा अर्थ नाही.

भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसनच्या 1960 च्या निबंधातलं भाषेचं ‘कोनेटिव्ह’ कार्य ही वेगळीच गोष्ट. तिथे रोख ऐकणाऱ्यावर असतो, म्हणून संबोधन आणि आज्ञार्थ हे त्याचे नमुने. ‘ए, दार लाव’ याला ‘खरं की खोटं?’ असं विचारता येत नाही. ‘मी दार लावू पाहतोय’ला येतं. तुझं कोनेशन आणि याकोबसनचं हे कार्य, दोन्हींसाठी एकच मराठी संज्ञा वापरलीस तर परीक्षक तिथेच पकडेल.

प्रश्नावलीत एकाच कृतीवर वेगळे प्रश्न ठेव. सकाळी फिरणं धर: फिरायला जावंसं वाटतं का, जायचं ठरवलं आहे का, कधी आणि कुठून, गेल्या 7 दिवसांत किती दिवस घराबाहेर पडलात, त्यांपैकी किती दिवस ठरवलेली फेरी पुरी झाली. शेवटचे दोन एकत्र केलेस तर पाऊस आला म्हणून परतलेला आणि अंथरुणातून न उठलेला सारखेच ठरतील. ‘कधी आणि कुठून’ उगीच नाही. अमुक झालं की तमुक करीन, असं प्रसंगाशी बांधलेलं ठरवणं नुसत्या ठरवण्याहून जास्त वेळा तडीस जातं, हे मानसशास्त्रज्ञ गोल्विट्झर यांच्या कामातलं मुख्य सूत्र आहे. ‘दूधवाला येऊन गेला की चपला घालीन’ अशा उत्तराला वेगळा संकेतांक दे.

‘मी प्रयत्न करतो’ असं विधान देऊन सहमती मात्र विचारू नकोस. लग्नाच्या आमंत्रणाला ‘बघतो’, ‘प्रयत्न करतो’ म्हणणारा माणूस येत नसतो हे यजमानालाही ठाऊक असतं. आपल्याकडे तो सभ्य नकार आहे. छापण्याआधी 8–10 जणांना प्रत्येक प्रश्न स्वतःच्या शब्दांत सांगायला लाव, आणि ‘बघू’ हा शब्द कुठे येतो तिथे खूण कर. ती पानं घेऊनच ये.